सोमवारी जुंपलेले बैल

बब्रुवान जमादाराला आमच्या चिंचखोरीत कुणी हुशार म्हणत नसे, हेकट म्हणत. बाजारात वांग्यावरून भांडण झालं, तरी हा माणूस वांगं कुणाच्या मळ्यातलं इथपासून चौकशी सुरू करायचा. त्याची बायको दगडाबाई म्हणायची, "आमच्या घरात कालवणात मीठ जास्ती झालं तरी पंचनामा हुतो." अंगात निजाम सरकारच्या पोलिसाचा खाकी डगला, कमरेला बिल्ल्याचा पट्टा आणि डोक्यात एकच किडा, जे घडलं तेच लिहायचं. त्या किड्यापायी नोकरी गेली. मी तर म्हणतो, बरं झालं गेली.

चव्वेचाळीस साल असेल. गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. कुणा जुन्या लोकांची वस्ती तिथं मातीखाली गाडली गेली आहे आणि आम्ही ती पांढरी माती आणून घरांची माळवदं घालतो. शांतलिंग नावाच्या लिंगायत शेतकऱ्याला माती खणताना एक मडकं लागलं. आत शंखाचे मणी आणि कुठल्याशा परक्या राजाचं तोंड असलेली सोन्याची नाणी. दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. ह्यानं चावडीवर येऊन सांगितलं, जुन्या वस्तूंच्या खात्याचा साहेब हैदराबादहून येईपर्यंत मडकं जागचं हलवणार नाही. मग रोज चालत जाऊन खड्ड्यापाशी राखण करू लागला. भोळा होता बिचारा.

एका सोमवारी संध्याकाळी तो त्याच खड्ड्यात ढासळलेल्या मातीखाली मेलेला सापडला. शेजारी त्याची गाडी, अर्धी मातीनं भरलेली, बैल जुंपलेले. मडकं गायब. गावचे मालक देशमुख, त्यांच्या वाड्याच्या ढेलजेतून लगेच आवई उठली की शांतलिंग सरकारी माल विकून बसला होता, आणखी मिळवायला गेला, देवीनं शिक्षा केली. त्याच्या बायकोला, गंगम्माला, धड रडूही दिलं नाही. पाणवठ्यावर बाया तोंडावर तिला चोराची बायको म्हणू लागल्या.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून अमीन, म्हणजे जमादाराचा साहेब, आला. देशमुखांकडं जेवला आणि चावडीवर गावासमोर पान चघळत म्हणाला, "मिट्टी गिरी, आदमी मरा. लिखो, जमादार."

जमादारानं लेखणी उचलली नाही. "साहेब, काल वार कुठला व्हता?"

"सोमवार. क्यूं?"

"लिंगायताच्या घरी सोमवारी बैलाला जू लागत न्हाय. नंदीचा वार हाय त्यो. बाप मेला तवा बी शांतलिंगानं सोमवारी गाडी जुपली न्हाय. मंग काल कुणी जुपली?"

ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देशमुखांशी भांडण म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. जो तो आपल्या पायातल्या वहाणा बघत होता.

"आन् बैल म्या सोताच्या हातानं सोडल्यात," जमादार पुढं म्हणाला. "सर्जा डावीकडं चालतो, त्यो उजवीकडं जुपलेला. जुपणीची गाठ तर अशी की सोडता सुटंना. जन्मात जू न उचललेल्या माणसाचं काम हाय हे."

असे हात आमच्या गावात एकाच घरात होते. देशमुखांचा धाकटा हैदराबादेत शिकून आलेला, आणि सोमवारपासून त्याचा हात गळ्यात बांधलेला. विचारलं की सांगे, घोड्यावरून पडलो.

अमीन भडकला. "हुकूम मेरा है!"

"हुकूम तुमचा, साहेब. सही माझी. ती व्हनार न्हाय."

"पट्टा उतरवून घेईन!"

"घ्या की. तवर चौकशी करतो."

चार दिवसांनी हैदराबादचा साहेब टेकाड बघायला आला. त्याच्यासमोर, अख्ख्या गावासमोर, जमादारानं गंगम्माची बैलजोडी चावडीपुढं आणून उभी केली. "धाकले मालक, गंगम्माचं घर उघडं पडलं. साहेबाला टेकाडावर न्यायचंय. तेवढी जोडी जुपून द्या, एका हातानं जमंल तशी."

साहेब बघत होता, नाही कसं म्हणणार? धाकटा हसत पुढं झाला. सर्जा तसा गरीब, पोरं त्याच्या शिंगाला लोंबकळत. पण ह्याला बघताच त्यानं मान खाली घातली आणि फुरफुरला. धाकटा दोन हात मागं उडाला. "नको, नको! मारका हाय त्यो! परवा हातच मोडत व्हता माझा!"

जमादारानं सर्जाच्या मानेवर हात ठेवला.

"घोड्यावरनं पडला व्हता न्हवं, मालक?" जमादारानं विचारलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं. मडकं देशमुखांच्या भुसाच्या कोठीत निघालं. पहार डोक्यात घातली, वरून दरड ढासळवली आणि माती नेताना अपघात झाला असं वाटावं म्हणून शेजारच्याच शांतलिंगाच्या गोठ्यातली गाडी जुंपून आणून उभी केली, हे धाकट्यानं हैदराबादच्या साहेबासमोर कबूल केलं. अमीनाला झाकायला जागाच उरली नाही. त्या दिवशी गंगम्मा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत घरी गेली. चोराची बायको हा शब्द पुन्हा कुणाच्या जिभेवर आला नाही.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढच्याच सोमवारी अमीन स्वतः गावात आला. जमादाराचा पट्टा-बिल्ला काढून घेतला आणि चौकीतली खोली आत्ताच्या आत्ता रिकामी करायला सांगितलं. दगडाबाईनं ट्रंक आणि भांडी दारात आणून ठेवली. गंगम्मा धावत आली. "अण्णा, सामान बाहेर ठिवू नका. म्या गाडी जुपून आणते."

"आज वार कुठला, गंगम्मा?"

"सोमवार. म्हादेव माफ करंल मला."

"म्हादेव करंल गं. देशमुखांचा वकील न्हाय करायचा. खटला उभा ऱ्हायचाय अजून. आज तू जुपलीस की उद्या कोर्टात म्हनंल, बघा, ह्यांच्यात सोमवारी जुपत्यात."

असं म्हणून तो चौकीच्या दारातच ट्रंकेवर बसला. अमीन ओरडला, "हटो यहाँ से!" जमादार म्हणाला, "गाडी उद्या हाय, साहेब." दगडाबाईनं तिथंच तीन दगड मांडून चूल पेटवली. भाकरी थापता थापता धूर चौकीत जाईल असं बसली, आणि ते तिनं मुद्दाम केलं. अमीन खोकत खोकत तिला वळसा घालून ये-जा करत राहिला. दुपारी एक म्हातारा येऊन जमादाराशेजारी बसला. मग वहाणा बघणारे आम्ही सगळेच एकेक करून जाऊन बसलो. कुणी उठलं नाही.

मंगळवारी उजाडताच गंगम्मा स्वतः गाडी हाकत आली. सर्जा डावीकडं होता.