स्टोअर डोक्यातून उतरवलं

ज्या रविवारी मॅनेजर साहेबांचा फोन येईल, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या रविवारवर पेन्सिलीनं फुली मारायची, असं मी एक वर्ष केलं. बावन्नपैकी सत्तेचाळीस फुल्या झाल्या. उरलेल्या पाच रविवारी मी कारखान्यातच होतो.

वाळूजच्या त्या कारखान्याचं स्टोअर मी एकोणीस वर्षं सांभाळलं. कुठला सुटा भाग कुठल्या रॅकवर, हे फक्त मला ठाऊक. आधी त्याचा अभिमान वाटायचा. पुढं रक्तदाब एकशे साठच्या खाली येईना आणि जेवताना मोबाइल वाजला की घास हातातच राहायचा.

बायको पाचोडची, बोलणं रोखठोक. ती म्हणाली, "अहो, सगळं तुमच्या डोक्यात हाय म्हणून ते सोडत नाय तुम्हाला. कागदावर उतरवा अन् निघा."

चिकलठाण्यात लहानशा कारखान्यात नोकरी ठरली. रविवारी पक्की सुटी. पण तिथं जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र हवं होतं. माझ्याआधी सोडून गेलेल्या दोघांची पत्रं साहेबांनी 'हँडओव्हर अपुरा' असा शेरा मारून अडकवली होती, एकाचं तर सात महिने.

म्हणून राजीनाम्याआधी मी तयारीला लागलो. क्रांती चौकातून तीन जाड रजिस्टरं आणली. रॅक चौसष्ट, जेवणाच्या सुटीत रोज एक. प्रत्येक कप्प्याला नंबराची चिठ्ठी, रजिस्टरात नोंद, शेवटच्या पानांवर बाहेर गेलेला माल आणि घेणाऱ्याची सही. स्टोअरमधले एक म्हातारे हमाल आवरलेले रॅक आणि चिठ्ठ्या बघून म्हणाले, "साहेब, यंदा दिवाळी लवकर आली व्हय?"

"लवकरच यायचीय," मी म्हणालो.

अडीच महिन्यांनी राजीनामा आणि रजिस्टरं साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चार पानं उलटली. "असल्या वह्या कुणीही भरतं. तुम्ही गेलात की स्टोअर बंद. मी अपुरा हँडओव्हर लिहिणार."

"तपासून बघा ना."

स्टोअरची पायरीही न चढलेल्या अकाउंट्सच्या मॅडमना त्यांनी बोलावलं. "बासष्ट-शून्य-पाच नंबरचं बेअरिंग आणा. यांना काही विचारायचं नाही."

मॅडम रजिस्टर घेऊन गेल्या. साहेब घड्याळाकडं बघत होते, मीही. चार मिनिटांनी त्या परतल्या. ओढणीला धूळ, हातात बेअरिंग.

"सर, रॅक एकतीस, खालचा कप्पा. पण चोवीस लिहिलीत, हे धरून बावीसच आहेत."

साहेब खुर्चीत सरसावले. "बघा! दोन गायब!"

"मॅडम, शेवटचं पान," मी म्हणालो.

त्यांनी पान काढलं, वाचलं, आणि रजिस्टर साहेबांपुढं सरकवलं. "काल दोन बाहेर गेलीत, सर. सही तुमचीच आहे."

साहेबांनी सही दोनदा पाहिली. मग पेन उचललं आणि राजीनाम्यावर लिहिलं : हँडओव्हर पूर्ण.

महिनाभरानं पत्र घेऊन उस्मानपुऱ्यात घरी आलो. बायकोनं चहाआधी दंडाला पट्टा बांधला. एकशे चौतीस. तिनं मशीन माझ्याकडं वळवून दाखवलं, जणू तिचाच निकाल लागला होता.

यंदाचं कॅलेंडर त्याच खिळ्याला आहे. एकही फुली नाही. पेन्सिल बायकोनं किराणा लिहायला नेली, मी परत मागितली नाही.