पाठीमागची चेन

आमच्या समोरच्या घरातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला सगळी गल्ली हवालदार म्हणते. पोलिसांशी त्याचा काडीचा संबंध नाही. हवा भरतो म्हणून हवालदार. वय बावन्न, बोटं कायमची काळी, मान आखूड. कुणाच्या चाकात हवा कमी दिसली तर ओळख नसलेल्या माणसालाही तो भर रस्त्यात थांबवतो. चाकातली हवा मुद्दाम सोडणाऱ्या माणसाला तो चोराच्या एक पायरी खालचा समजतो. हे त्याचं मत ध्यानात असू द्या, पुढे कामाला येईल.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. तिला तळ्यावर होडी वल्हवायचा नाद. अकरा वर्षं ती आणि तिची थोरली बहीण दोघींच्या अरुंद होडीत बसून जात, आणि हवालदार काठावर चहाचा थर्मास धरून उभा राही. त्याची काही तक्रार नव्हती. पण यंदा थोरलीचा पाय जिन्यावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, मात्र मुठीत जोर आला नाही. होडीतली तिची जागा रिकामी झाली आणि तिथे तिचा नवरा बसायला लागला. म्हणजे हवालदाराचा साडू.

साडू हे नातं मोठं नाजूक. एकाच सासऱ्याने पारखून घेतलेली दोन नाणी. त्यातलं खोटं आपण तर नव्हे, ही शंका जन्मभर जात नाही. त्यातून हा साडू दंतवैद्य. उंच, सडपातळ, आणि दात असे की तो हसला की समोरचा आपोआप आपलं तोंड मिटून घेतो.

तरी होडीचं एक वेळ चाललं असतं. खरी आग लागली ती चेनवरून.

थंडीत तळ्याचं पाणी असं गार असतं की पडलेल्या माणसाचा श्वासच अडकतो. म्हणून तळ्यावरच्या होडी क्लबचा नियम आहे, गार महिन्यांत ड्रायसूट घातल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवायचा नाही. ड्रायसूट म्हणजे मानेपासून पावलांपर्यंत एकच अखंड पोशाख. मानेला आणि मनगटांना घट्ट रबर, पायांना जोडलेले मोजे. पाण्यात पडलात तरी आत थेंब जात नाही. दंतवैद्याचा सूट कोरा करकरीत होता. पण त्याची चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. स्वतःचा हात तिथे पोचत नाही. दुसऱ्या कुणीतरी मागे उभं राहून ती जोर लावून ओढायची. थोरलीच्या हातात जोर नाही. मग ओढणार कोण? धाकटी.

"एक हात त्याच्या खांद्यावर ठेवते," हवालदार मला दुकानात सांगत होता, हातातली ट्यूब पिळत. "आणि दुसऱ्याने ओढते. सावकाश."

मी म्हटलं, मग काय दातांनी ओढायची? दंतवैद्य आहे, चालेल त्याला. तो हसला नाही. तेव्हाच मला कळलं की दुखणं पोटातलं आहे.

त्याने बायकोला सांगून टाकलं की तळं पार करायच्या रविवारी होडीत मागच्या जागेवर मी बसणार. हा रविवार क्लबात वर्षातून एकदाच येतो. सगळ्या होड्या पलीकडच्या काठाला जाऊन परत येतात आणि कोण कुणाबरोबर बसलं होतं हे पुढच्या वर्षापर्यंत लोक बोलतात. बायकोने चष्म्यावरून बघितलं. म्हणाली, वल्हं मारायला मी शिकवीन, पण सूट तुमचा तुम्ही आणा आणि आधीच्या रविवारी होडीमास्तरांची पाण्यातली परीक्षा द्या. पास झालात तर तुम्ही, नाहीतर भाऊजी आहेतच.

ते 'आहेतच' त्याच्या कानात आठवडाभर वाजत होतं.

जुन्या खेळसामानाच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारीण बाई सरळ होती. तिने दोन सूट काढले. एक हिरवा, जेमतेम वापरलेला, चेन छातीवर तिरकी. दुसरा नारिंगी, ऊन खाऊन विटलेला. त्याच्या मानेचं रबर चिकट होऊन तडकलेलं, गुडघा घासून पातळ झालेला, आणि चेन पाठीवर. हवालदाराने दोन्ही उलटे करून पाहिले, शिवणीवर आतून लावलेली पट्टी नखाने उचलून पाहिली, चेनचे दात एकेक करून बोटांनी चाचपले. चेन धड असेल तर बाकी सगळं निस्तरता येतं, असं तो मला कानात म्हणाला.

बाई म्हणाली, हिरवा घ्या. मग त्याने विचारलं, "ही चेन एकट्याला लावता येते?"

"येते ना. तीच तर सोय आहे."

"मग नको."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या रॅकेटी बघायला लागलो. नारिंगी सूट पिशवीत गेला.

पुढचे आठ दिवस त्यांच्या बैठकीत कुणाला बसायला जागा नव्हती. पण कामात मात्र तो उस्ताद, हे मला कबूल करावं लागेल. मानेचं जुनं रबर कापून काढलं. बायकोचं सर्वांत मोठं पातेलं सुटाच्या गळ्यात आतून बसवलं, त्यावर नवं रबर ताणलं, काचकागदाने घासलं, सोल्युशनचा पातळ हात दिला, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबला आणि मग दाबून बसवलं. गुडघ्याला आतून ठिगळ, चेनला मेण, मनगटाच्या रबराला पावडर. मग मनगटांत बरण्या घातल्या, गळ्यात पुन्हा पातेलं, आणि एका बाहीतून सायकलच्या पंपाने हवा भरली. सूट टम्म फुगला. त्यावर साबणाचं पाणी फासून तो बुडबुडे शोधत गुडघ्यांवर रांगत होता. जिथे बुडबुडा तिथे खडूची खूण, जिथे खूण तिथे ठिगळ.

शेवटच्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही. फुगलेला सूट सोफ्यावर हात पसरून, डोक्याच्या जागी पातेलं घेऊन, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा पडला होता. बायको कामावरून आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "यांना चहा विचारला का?" आणि आत गेली. हवालदार मात्र तासाभराने सूट दाबून बघत होता. तसाच टम्म. "तासात रेसभर हवा गेली नाही," तो म्हणाला. "त्याच्या नव्या सुटाची टिकते का विचार." पातेलं मात्र चार दिवस सोल्युशनचा वास देत होतं, त्याबद्दल घरात काय झालं ते मी गल्लीपलीकडून ऐकलं, पण सांगणार नाही.

परीक्षेच्या सकाळी मी मुद्दाम तळ्यावर गेलो. असली गोष्ट ऐकीव सांगण्यात मजा नसते.

हवालदार सुटात शिरला, बायकोकडे पाठ करून उभा राहिला. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि चेन ओढली. त्याने डोळे मिटले होते. "झालं," ती म्हणाली. तो म्हणाला, नीट बघ, अडकली असेल. ती म्हणाली, झालं म्हटलं ना.

एवढ्यात दंतवैद्य आपला सूट चढवून आला आणि सवयीने मेहुणीकडे पाठ करून उभा राहिला. हवालदार मध्येच सरकला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई मोकळ्या आहेत की. त्यांना लावू दे ना." थोरली पुढे आली, डाव्या हाताने तिने चेन ओढली. शेवटची दोन बोटं चेन उघडी राहिली. धाकटीचं लक्ष नवऱ्याकडे होतं. मला दिसलं होतं का, ते मला विचारू नका.

होडीमास्तरांनी सांगितलं, उडी मारण्याआधी खाली बसा, मानेच्या रबरात बोट घाला आणि आतली हवा सोडून द्या. हवालदार बसला. बोट मानेपाशी नेलं. मग साडूकडे पाहिलं आणि बोट मागे घेतलं. आठ दिवस खपून जी टिकवली ती हवा सगळ्यांदेखत आपल्या हाताने सोडायची, हे त्याच्या जिवाला झेपलं नाही. सूट फुगलेलाच, आणि त्याने उडी मारली.

हवा वर जाते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण या खेपेला ती पायांत गेली. अंगात तरंगायचं जाकीट होतं म्हणून तोंड पाण्याबाहेर राहिलं, बाकी हवालदार उलटा. दोन नारिंगी पाय आभाळाकडे, आणि मधून "अरे, अरे" असा आवाज. वळायला गेला की पाय आणखी वर.

सर्वांत जवळ दंतवैद्य होता. त्याने विचार न करता पाण्यात उडी टाकली, याला खांद्याने धरलं, मानेच्या रबरात दोन बोटं घातली. फुस्स झालं आणि पाय खाली आले.

काठावर बायकोने हवालदाराचा सूट उघडला. आतला बनियन इस्त्रीचा तसा. एक थेंब नाही. दंतवैद्य मात्र वर येऊन उभा राहिला तेव्हा चालताना त्याच्या सुटात डबडब आवाज येत होता. चेनच्या फटीतून तळं आत शिरलं होतं, गुडघ्यांपर्यंत. त्याचे ते देखणे दात एकमेकांवर असे वाजत होते की दोन बाकं सोडून ऐकू यावं.

हवालदाराने थर्मास शोधला. अकरा वर्षांची सवय. कप भरून साडूच्या हातात दिला आणि त्याचा हात कपावर धरून ठेवला, कारण चहा सांडत होता.

"चेन उघडी होती," हवालदार म्हणाला.

"हिचा हात पुरला नाही."

"मीच तुम्हाला तिकडे ढकललं. मुद्दाम."

दंतवैद्याने दोन घोट घेतले. त्याला बहुधा सगळं कळलं, कारण तो खाली बघून हसला. "साडूभाऊ, तुमची बायको चेन लावताना दर वेळी मला काय म्हणते, सांगू? श्वास आत घ्या भाऊजी, पोट सुटलंय."

हवालदाराने त्याचा कप पुन्हा भरला. मला वाटलं, चला, जळजळ शमली. पण थोड्या वेळाने तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मला नुसतं 'झालं' म्हणाली. मला पोटाचं काहीच बोलली नाही."

दुपारी होडीमास्तरांनी त्याला पुन्हा उभं केलं. या वेळी त्याने मानेत बोट घातलं, कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं आणि सगळी हवा सोडली. उडी मारली, सरळ तरंगला, पोहत काठाला आला. पास. पुढच्या रविवारी होडीत मागच्या जागेवर तोच होता. वल्हं उलटसुलट मारत होता आणि बायको मागे न बघता त्याला रागावत होती, हे काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

दंतवैद्यही त्या दिवशी दुसऱ्या होडीत होता. त्याची चेन थोरलीने लावली नाही, धाकटीनेही नाही. ती हवालदाराने लावली, गुडघा त्याच्या कमरेला टेकवून, शेवटच्या दातापर्यंत. तेव्हापासून दर रविवारी हे काम त्याच्याकडेच आहे. बायको मदतीला पुढे आली तर तो म्हणतो, तू राहू दे, याला जोर लागतो. आणि साडूच्या पाठीवर थाप मारून सांगतो, "श्वास आत घ्या."