निळ्या लाद्यांचं देऊळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. ज्या फादरांसमोर गुडघे टेकून लहानपणापासून पापं सांगत आलो, त्यांच्याजवळही नाही — तिथे मी नेहमी फुटकळ पापं सांगून मोकळा होतो. राग आला, रविवार चुकवला, खोटं बोललो. ‘खोटं बोललो’ म्हटलं की फादर पुढे काही विचारत नाहीत, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

मी वसईचा, ख्रिस्ती. आमची घरची भाषा मराठीच, पण बोली जरा निराळी. आईला आम्ही आय म्हणतो, आणि चर्चला देऊळ. हो, देऊळच. ‘देवळात चाललो’ म्हणजे मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला चाललो. वसईबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, आणि मलाही कधीकाळी ते सांगताना मजा वाटायची. पुढे सांगेनासा झालो.

माझं नाव सुनील. आडनाव असं, की हिंदूंतही सापडतं आणि आमच्यातही. अडचण फक्त मधल्या नावाची. ते वडिलांचं — पास्कोल.

२००२ साली मी अमेरिकेत सनीव्हेलला होतो आणि माझी नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाचे दिवस भरत येतात, हे तिथे राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. अशा वेळी मराठी मंडळाच्या एका जेवणात नेने काका भेटले. सत्तरच्या दशकात आलेले इंजिनिअर, निवृत्तीला टेकलेले, चार कंपन्यांत ओळखी. त्यांनी माझा रेझ्युमे मागितला. नेने काकूंनी तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘‘सुनील पी. — पी म्हणजे काय रे?’’

मी म्हणालो, प्रभाकर.

का? मला कोणी धमकावलं होतं का? समोर बसलेली बाई माझ्या ताटात दुसऱ्यांदा अळूची भाजी वाढत होती. तोंडातून निघून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण प्रभाकर हे नाव असं आपोआप निघत नाही. त्यासाठी आधी पास्कोल गिळावं लागतं. काकूंचा चेहरा उजळला. त्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर! त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा झालो. काकांनी नोकरी मिळवून दिली, काकूंनी गणपतीत आरतीचं तबक माझ्या हातात दिलं. त्यांनी मला कधीही जात-धर्म विचारला नाही. खरं कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? कदाचित काहीच नाही. मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

पुढच्या वर्षी माझे वडील गेले. मी तिकडे पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. आय एकटी पडली म्हणून २००४च्या उन्हाळ्यात तिला सहा महिन्यांसाठी सनीव्हेलला आणलं. बॅगेतून तिने येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर काढली, ती मी कपड्यांच्या कपाटात ठेवली. ‘‘इथे कोणी भिंतीवर असलं लावत नाही,’’ म्हणालो. गळ्यातल्या साखळीत छोटा क्रूस होता, तो पोलक्याच्या आत राहू दे म्हणालो. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, पण ती विधवा, त्यामुळे नेने काकूंना त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. माझ्या बापाचं मरणसुद्धा माझ्या लबाडीला सोयीचं पडलं, असं म्हणा ना. आय मुकाट ऐकत गेली. ती बावळट नव्हती. काय चाललंय ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार.

ऑक्टोबरात वडिलांचं वर्ष आलं. गावी बहीण त्यांच्या नावाने मिस्सा सांगणार होती. आयची एकच इच्छा होती — आपल्यालाही त्या दिवशी मिस्सात त्यांचं नाव कानावर पडावं. हे ती मला बोलायची, मी ‘नेतो, नेतो’ म्हणायचो. मग एका संध्याकाळी नेने काकू आमच्याकडे चहाला आल्या असताना आय सहज बोलून गेली, ‘‘शनिवारी ह्यांचं वर्ष. देवळात जावं म्हणते.’’

‘‘अहो मग जाऊ या की! लिव्हरमोरला इतकं सुंदर देऊळ आहे. ह्यांना सांगते, ते ड्राइव्ह करतील,’’ काकू म्हणाल्या.

आयने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं — काकू, आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात. सात शब्दसुद्धा नाहीत. मी म्हणालो, ‘‘चालेल, काकू.’’ घरी जाऊन काकूंनी काकांना सांगितलं, आणि काकांचा फोन आला. लिव्हरमोरच्या पुढे, व्हॅलीतल्या एका गावात जुनं पोर्तुगीज चर्च आहे, आत टाइल्स फँटॅस्टिक आहेत, तसंही तिकडे जातोय तर तेही कव्हर करू या. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, चला, सगळ्यांचंच काम झालं. शनिवारी सकाळी आय साडी नेसत असताना मी तिला दाराबाहेरूनच सांगितलं, ‘‘आय, तिथे क्रुसाची खूण करू नको. गुडघे टेकू नको. जे म्हणायचं ते मनात म्हण.’’

लिव्हरमोरच्या देवळात तिने हात जोडले, प्रसाद घेतला, सगळं नीट केलं. काकूंनी हौसेने माझ्या नावाची अर्चना सांगितली. पुजाऱ्यांनी नाव विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधी काकूच म्हणाल्या, ‘‘सुनील प्रभाकर.’’ आय माझ्या शेजारी उभी होती. तिने अगदी हळू, आमच्या बोलीत विचारलं, प्रभाकर कोण? मी म्हणालो, नंतर सांगतो. आज ज्याचं वर्ष, त्याचं नाव त्याच्या बायकोसमोर पुसलं गेलं होतं, आणि मी नंतर सांगणार होतो!

पुढे पाऊण तासाचा रस्ता होता. काका त्या चर्चची माहिती देत होते. पोर्तुगालच्या बेटांवरून आलेल्या गवळ्यांनी ते बांधलं, टाइल्स बोटीने मागवल्या, वगैरे. मला फक्त एकाच गोष्टीची धास्ती होती — दारातल्या पाण्याची. आमच्यात देवळात शिरताना तिथल्या पात्रात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. साठ वर्षांची सवय, हात आपला आपण जातो. आणि तसंच झालं. दारातून शिरताच आयचा उजवा हात उठला. मी तिच्याकडे पाहिलं — मी कसं पाहिलं असेल, याचा विचार मला आजही करवत नाही. तिने तो हात तसाच वर नेला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

आत थंडावा होता. भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत निळ्या-पांढऱ्या लाद्या, एकेका लादीवर चित्राचा एकेक तुकडा. आय भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. पोर्तुगालातल्या फातिमा गावी झालेलं मातेचं दर्शन होतं ते — तीन मेंढपाळ मुलं, मेंढ्या, झाडावर उभी मरियाबाई, येशूची आई. आमच्या गावात लहान पोराला विचारलं तरी सांगेल. काका चित्राजवळ वाकून म्हणाले, ‘‘ही मुलं कोण असावीत? सुनील, काही कल्पना?’’ मी खांदे उडवले. आय चित्राकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते, आणि मला ते ओठ कोणी बघेल याची भीती वाटत होती.

बघितलं एका म्हातारीने. काळे कपडे घातलेली, तिथे फुलं लावणारी बाई होती. ती थेट आयकडे आली. तिच्या हातात एक वही होती — गेलेल्या माणसांची नावं त्यात लिहायची, संध्याकाळच्या मिस्सात ती वाचून दाखवणार. तिने वही उघडून आयपुढे धरली, पेन दिलं आणि विचारलं, ‘‘कॅथलिक?’’

आयला इंग्रजी येत नव्हतं. पण तो शब्द तिला येत होता. तिचा हात पेनाकडे गेलासुद्धा. काकू दोन पावलांवर होत्या.

‘‘नो, नो,’’ मी म्हणालो. ‘‘वी आर जस्ट टुरिस्ट्स.’’

आणि हसलो. हे हसणं मी तुमच्यापासून लपवू शकलो असतो, पण मग सांगण्यात अर्थ काय? मी हसलो, जणू म्हातारीने काहीतरी गमतीदार चूक केली होती. ती बिचारी ‘सॉरी, सॉरी’ म्हणाली, पेन परत घेतलं, वही मिटली. आयचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तिने तो मागे घेतला.

बाहेर गाडीत बसताना काकू तिला म्हणाल्या, ‘‘तुमच्या वसईतही अशी चर्चेस असतील ना हो? आतून अशीच असतात का?’’

‘‘आहेत,’’ आय म्हणाली. ‘‘बाहेरून पाहिलीत.’’

तिथे तिचं लग्न झालं. आम्हा दोघा भावंडांचा बाप्तिस्मा तिथे झाला. तिच्या नवऱ्याची शवपेटी तिथून निघाली. बाहेरून पाहिलीत! माझी आई माझ्यासाठी खोटं बोलली, तेही मी न सांगता, आणि माझ्यापेक्षा सफाईने. मला काय वाटलं सांगू? लाज नंतर वाटली. आधी सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर ती दोन महिने माझ्याकडे होती. ‘देवळात ने’ असं एकदाही म्हणाली नाही. प्रभाकर कोण, हेही पुन्हा विचारलं नाही. रविवारी सकाळी मात्र लवकर आंघोळ करायची, चांगली साडी नेसायची आणि सोफ्यावर बसून राहायची. आमच्या अपार्टमेंटपासून चर्च गाडीने सात मिनिटांवर होतं. मी कपड्यांची बास्केट उचलून खाली लॉन्ड्रीत जायचो, मशीन संपेपर्यंत तिथेच पेपर वाचत बसायचो. अकराच्या सुमारास वर आलो की तिने साडी बदललेली असायची आणि ती भात लावत असायची. असे आठ-नऊ रविवार गेले. एकदा तरी किल्ली उचलायची! नेने काका-काकू तर शेजारीसुद्धा राहत नव्हते, कोणाला कळणार होतं? तरी नाही उचलली. याचं कारण शोधून काढलं तर ती सबब होईल.

काकू अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. त्यांच्या लेखी मी प्रभाकररावांचाच मुलगा आहे.

२००८ साली आय गेली. या वेळी मी वेळेवर पोचलो. मिस्सा झाली, माती दिली. देवळाच्या अंगणात लोक भेटायला थांबले होते. फादर होते, बहीण होती. फिलूमावशी — आयची लहानपणापासूनची मैत्रीण — माझे दोन्ही हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली. म्हणाली, तुझी आय अमेरिकेहून आल्यापासून एकच गोष्ट सांगायची. पोराने मला दर रविवारी देवळात नेलं. बापाच्या वर्षाला तर किती लांब, निळ्या लाद्यांच्या देवळात नेलं. तिथे मयतांची वही होती, त्यात पास्कूचं नाव माझ्या सुनीलने स्वतःच्या हाताने लिहिलं.

‘‘आमची पोरं इथे राहून एवढं करत नाहीत,’’ मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘‘तूच लिहिलंस ना रे?’’

सगळे माझ्याकडे बघत होते.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मीच लिहिलं.’’