दोन्ही हात मोकळे

संघमित्रा वानखडेला मीटिंगमध्ये एका जागी बसवत नसे. जरा वेळ झाला की ती उठायची, खिडकीशी जाऊन यायची, बोलता बोलता टेबलाला फेरी मारायची. अंधेरीतल्या त्या छोट्या टॅब्लेट कंपनीत सगळ्यांना याची सवय झाली होती. मालक नंदकिशोर एवढंच म्हणायचे, "फीर, पण प्रोजेक्टरच्या मधे येऊ नकोस."

टॅब किती इंचांचा काढायचा, त्यात काय घालायचं, काय वगळायचं आणि किंमत किती ठेवायची, हे ठरवणं तिचं काम. हे काम ऑफिसात सोडून घरी येणं तिला कधी जमलं नाही. मुलुंडच्या घरी जेवताना ती ताटाकडे बघत बसली की नवरा, प्रबुद्ध, म्हणायचा, "काय गं, ताट किती इंचांचं आहे?"

त्या वर्षी कंपनीला दहा इंची टॅबच्या जोडीला दुसरा टॅब काढायचा होता. विक्री सांभाळणाऱ्या श्वेताला मोठा हवा होता, पेनसकट. "गिऱ्हाइकाला मोठी स्क्रीन दिसली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, यार." संघमित्राला हवा होता आठ इंची, एका हातात मावणारा आणि स्वस्त. तिने पुठ्ठ्याचे तीन मापांचे टॅब कापले, आत लोखंडी वायसर चिकटवून खऱ्याइतके जड केले आणि ते पिशवीत घालून ती गावभर फिरली. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या बाईला दिले, सोसायटीच्या वॉचमनला दिले, डोशाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिले. जो तो छोटा पुठ्ठा उचलायचा आणि म्हणायचा, "हा बरा आहे."

या जोरावर ती भांडली आणि जिंकली. नंदकिशोरांची एकच अट होती, किंमत दहा हजारांच्या आत हवी. हिशेब थोडा वर जात होता. संघमित्रा फळ्यासमोर उभी राहिली आणि एकेक गोष्ट खोडायला लागली. पेन गेलं. दुसरा स्पीकर गेला. मग पाठीमागे उघडणारा स्टँड.

"स्टँड राहू दे गं," श्वेता म्हणाली. "दुकानात टॅब उभा दिसतो."

"दुकानदार मागे खोकं लावेल. ज्याला हवा तो कव्हर विकत घेईल." तिने रेघ मारली.

आठ इंची टॅब बाजारात आला. पहिला महिना बरा गेला, मग विक्री बसली ती बसलीच. मोबाईलच एवढे मोठे झाले होते की आठ इंच लोकांना वेगळे वाटेनात. कुणी सांगे रंग बदला, कुणी सांगे किंमत पाडा. संघमित्राची झोप उडाली. ती रिपोर्ट वाचायची, पुन्हा वाचायची आणि त्यातून तिला काहीच कळायचं नाही. शेवटी तिने नंदकिशोरांकडे परवानगी मागितली. दर शनिवारी मालाडच्या एका दुकानात, कंपनीचा टॅब दाखवणारी सेल्सवाली म्हणून ती उभी राहणार होती.

तिसऱ्या शनिवारी ते दोघं आले. पस्तिशीची बाई आणि तिचा नवरा. काउंटरपाशी आल्या आल्या बाईने मोबाईलवर लिहून तो संघमित्रासमोर धरला. "आम्हाला ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलसाठी टॅब बघायचा आहे."

संघमित्राने उत्साहाने आठ इंची टॅब काढून दिला. मग आपल्या मोबाईलवर टाइप केलं, "हलका आहे. एका हातात धरता येतो."

बाईने वाचलं. नवऱ्याकडे बघून हातांनी काहीतरी सांगितलं. तो हसला. मग तिने टॅब उलटा करून पाठ बघितली आणि लिहिलं, "हा उभा राहतो का?"

संघमित्राने कव्हर लावून दाखवलं. टॅब उभा राहिला, पण एवढा ताठ की कॅमेऱ्यात बाईच्या गळ्यापर्यंतचंच दिसे. नवऱ्याने शेजारचं मिक्सरचं खोकं ओढून टॅब त्याला तिरका टेकवला. तो घसरून आडवा झाला. बाईने तो उचलून डाव्या हातात धरला, उजव्या हाताने हवेत काहीतरी म्हटलं आणि थांबली. मग लिहिलं:

"एका हाताने धरला तर माझं बोलणं अर्धंच राहतं. आमची अक्षरंसुद्धा दोन हातांनी होतात."

संघमित्राचा चेहरा गरम झाला.  ती दोघं टॅब न घेता निघाली. मागे दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, असे लोक नुसते बघायला येतात."  संघमित्रा दुकानाबाहेर धावली आणि रिक्षात बसणाऱ्या त्या बाईला तिने गाठलं. मोबाईलवर लिहिलं, "मी सेल्सवाली नाही. हा टॅब मीच ठरवला आहे. तुम्ही घरी कसं बोलता ते मला बघू द्याल का?"

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग नंबर दिला. नाव लिहिलं, इरावती. नवऱ्याचं मुकुल.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संघमित्रा बोरिवलीला त्यांच्या घरी गेली. इरावती एका बँकेच्या ऑफिसात कामाला होती, मुकुल दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. इरावतीची धाकटी बहीण मृणालिनी नाशिकला. तिलाही ऐकू येत नसे. दर रविवारी बहिणी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या.

त्यासाठी डायनिंग टेबलावर खटपट मांडलेली होती. डाळीचे दोन डबे, त्यांना टेकवलेला मोबाईल, तो घसरू नये म्हणून पुढे वाटी. छोट्या स्क्रीनमध्ये मृणालिनीचे हात दिसायचे तर चेहरा कापला जायचा, चेहरा दिसायचा तर हात बाहेर जायचे. मोबाईल आडवा केला की कॅमेरा एका बाजूला जायचा आणि इरावती बहिणीऐवजी भिंतीकडे बघून बोलतेय असं तिकडे दिसायचं. मध्येच बोलण्याच्या भरात टेबलाला धक्का बसला, मोबाईल पालथा पडला. इरावतीने कपाळावर हात मारला, तो उचलला, पुन्हा टेकवला.

मुकुलने संघमित्राला लिहून दाखवलं, "मेव्हणीची सासूशी काहीतरी भांडणं झाली आहेत. दोन आठवडे ती सांगतेय आणि दर वेळी मुद्द्यावर आली की मोबाईल पडतो."

तो हसत होता. संघमित्राला हसता आलं नाही. डोळ्यांसमोर फळ्यावरची स्वतःची रेघ होती. हातात कसं बसतं हे तिने गावभर विचारलं होतं. ज्यांना बोलायलाच हात लागतात, त्यांचं काय, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. घरी परतेपर्यंत तिने मनातल्या मनात तीन भाषणं केली आणि तिन्ही मोडली.

तिने इरावतीला मेसेज केला की सोमवारी मी मीटिंगमध्ये तुमच्याबद्दल बोलणार आहे. लगेच उत्तर आलं. "माझ्याबद्दल बोलणार, मग मी का नको? येते. पण सोमवारी सुट्टी नाही. बुधवारी." सोबत खुणांची भाषा बोलून सांगणारी आपली मैत्रीण सई हिला आणणार, असंही तिने कळवलं.

बुधवारी इरावती आणि सई मीटिंगला आल्या. संघमित्राने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "सर, आठ इंची बंद करूया. माझं चुकलं. दहा इंचीला स्टँड लावूया आणि कॅमेरा लांब बाजूच्या मध्यावर आणूया."

नंदकिशोर म्हणाले, "गोडाउनमध्ये आठ इंचीचा माल पडलाय. याच टेबलाभोवती फिरून फिरून तू तो माझ्या गळ्यात मारलास!"

"हो सर."

"म्हणजे मी म्हणत होते ते खरं," श्वेता म्हणाली.

"स्क्रीनचं खरं. स्टँडचंही. पेनचं नाही," संघमित्रा म्हणाली, आणि श्वेताला हसू आवरलं नाही.

नंदकिशोर मग इरावतीकडे वळले. आवाज मऊ करून म्हणाले, "ताई, तुमची अडचण कळते मला. पण स्टँड म्हणजे खर्च, कॅमेरा हलवायचा तर साचा नवा. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं किती येणार?"

सईने ते खुणांनी सांगितलं. इरावती दोन्ही हातांनी भराभर बोलायला लागली, आणि सई तिच्या मागोमाग. "किती येणार ते मला माहीत नाही. पण सवलतीचा टॅब मागायला मी आलेली नाही. थोडा महाग असला तरी मी घेईन. आत्ता बाजारात पैसे देऊनही मला हवा तो मिळत नाही. तुमचा आठ इंची कोणासाठी आहे?"

नंदकिशोरांनी संघमित्राकडे बघितलं. संघमित्राने श्वेताकडे. "स्वस्त हवा असेल त्यांच्यासाठी," श्वेता हळूच म्हणाली.

"ते मोबाईलवर भागवतात," इरावतीचे हात म्हणाले.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. पुढचे दोन आठवडे वाद चालला. संघमित्राला रात्र रात्र डोळा लागेना, दिवसा ती कारखान्याला फोन करत राही. स्टँडचे चार नमुने तिने बनवून घेतले, दोन मोडले. श्वेताने दुकानदारांकडे विचारलं, तेव्हा स्वयंपाक करताना व्हिडिओ बघणाऱ्या बायका आणि शिवणकामवाले टेलरही उभा राहणारा टॅब मागतात, असं कळलं. शेवटी नंदकिशोरांनी निर्णय दिला. आठ इंचीची किंमत पाडून माल संपवायचा, नवा बनवायचा नाही. दहा इंचीला स्टँड लावायचा, साचा बदलायचा, पण पहिला लॉट छोटा. आणि या टॅबची जबाबदारी संघमित्रा आणि श्वेता दोघींची. "एकटीवर पुन्हा नाही," ते म्हणाले. संघमित्राला ते लागलं. जिन्यात जाऊन ती थोडी रडली, आणि तोंड धुऊन श्वेताच्या टेबलाशी आली. "चल, स्टँडचा कोन ठरवूया," ती म्हणाली.

चाचणीचा पहिला टॅब घेऊन दोघी बोरिवलीला गेल्या. इरावतीने स्टँड उघडला, टॅब आडवा उभा केला आणि दोन पावलं मागे सरकली. स्क्रीनवर ती कमरेपासून डोक्यापर्यंत दिसत होती, दोन्ही हातांसकट. तिने नाशिकला कॉल लावला. टेबलावर काहीही टेकवलेलं नव्हतं. बहिणीशी ती किती तरी वेळ बोलली. कधी हात वेगाने चालायचे, कधी ती डोळे मोठे करून नुसती ऐकत राहायची, म्हणजे बघत राहायची. संघमित्राला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सासूचं प्रकरण मात्र बरंच मोठं असावं, कारण शेवटी इरावतीने डोळे पुसले.

कॉल संपल्यावर तिने लिहिलं, "मी तिला पूर्ण दिसले. ती मला अर्धीच दिसते, तिच्याकडे तो जुना मोबाईल आहे."

मुकुलने तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि खाली भर घातली. "म्हणजे नाशिकला एक लागणार. दोन घेतले तर किती कमी करणार?"

श्वेता विक्रीतली बाई. तिने लगेच बोटांवर हिशेब सुरू केला. संघमित्रा म्हणाली, "थांब, आकडा आत्ता देऊ नकोस. जोडीची किंमत हा वेगळाच प्रश्न आहे, सोमवारी सरांपुढे काढूया." आणि मुकुलला तिने टाइप करून दिलं, "विचारून सांगते. पण कमी करायलाच लावते."