तात्यांनी भादरलेला पेरू

सलूनवाल्या तात्यांनी पन्नास वर्षं लोकांची डोकी भादरली, कधी कुणाच्या कानाला ओरखडा आला नाही. पण बायको गेली आणि चौथ्याच दिवशी त्यांनी परसातला पेरू असा काही भादरला, की बघणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं. सगळ्या फांद्या एका उंचीवर, वरून सपाट, कंगवा धरून कापल्यासारख्या. पेरू बायकोनं लावलेला, तिनंच वाढवलेला. लेकीनं त्या थोट्या झाडाकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि चहाही न घेता आपल्या घरी निघून गेली. तेव्हापासून फोन फक्त औषधापुरता. "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." झालं, संपलं बोलणं.

तात्यांची समजूत धंद्यातली: कापलं की पुन्हा येतं. आलंही! प्रत्येक खुंटाभोवती दहा-दहा सरळसोट फुटवे, नुसती पानं, पेरू औषधालाही नाही. मग या गृहस्थानं काय करावं? पुन्हा कात्री काढली. फुटवे दुप्पट झाले आणि जुने खुंट कुजायला लागले, तेव्हा कुठे डोळे उघडले आणि स्वारी रोपवाटिकेतल्या बाईंना घेऊन आली.

बाई झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "कुणी केलं हे?"

"मीच."

"धंदा काय तुमचा?"

तात्यांनी सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, केसांना फळं धरत नाहीत!"

मग त्यांनी नीट समजावलं. कुजका खुंट फांदी जिथून निघते तिथपर्यंत कापायचा, मधेच बोटभर ठेवायचा नाही. फुटव्यांतले थोडे यंदा काढायचे, थोडे पुढच्या वर्षी. राहिलेले वाकवून आडवे बांधायचे, म्हणजे त्यांना फूल येतं. "तीन वर्षं लागतील. आणि मधे हात शिवशिवले तरी कात्री लावायची नाही."

"तीन वर्षं? तोवर मी असेन का?"

"झाड असेल," बाई म्हणाल्या. बाईंची जीभ तशीच होती.

दुकानातल्या जुन्या पांढऱ्या चादरी फाडून तात्यांनी पट्ट्या केल्या. फुटवा हळूच वाकवायचा, पट्टी बांधायची, खाली वीट लटकवायची. सवयीनं तोंडातून निघायचं, "मान खाली. हां, अशी. हलू नको." दिवसभरात एवढंच काय ते बोलणं. सकाळ तशी निघून जायची, दुपार जाता जात नसे. एका ताटाची भांडी घासायला कितीसा वेळ लागणार? खुर्ची दाराशी ओढून ते झाडाकडे बघत बसायचे. पेरू लागले की लेक येईल, एवढं एकच त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं.

तिसऱ्या वर्षी सात पेरू लागले. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन केला.

"सात लागलेत. येतेस?"

ती म्हणाली, "तात्या, मी झाडासाठी नव्हते चिडले. आई गेली आणि तुमच्या डोळ्यांतून टिपूस नाही. आम्ही सगळे रडतोय आणि तुम्ही कात्री घेऊन झाडावर! काहीच वाटलं नाही तुम्हाला तिचं?"

तात्यांनी दारातून झाडाकडे बघितलं.

"घरभर माणसं होती गं," ते म्हणाले. "मला रडायला जागाच नव्हती. म्हणून वर चढलो. खालून कुणी बघितलं तर काहीतरी करतोय असं दिसावं, म्हणून कापत राहिलो."

पलीकडून नुसते हुंदके. "तीन वर्षं, तात्या! सांगायचं नाही होय?"

"मला वाटलं, तुझा राग झाडाचा आहे," तात्या म्हणाले. "म्हटलं, तेवढं तरी मला दुरुस्त करता येईल."