सुधाकरचा फोन बोलला तेव्हा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांची मला भीती वाटते — या वयात, साधी सरळ भीती.

आधी कॅरमचं सांगतो. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी आम्ही निवृत्त मंडळी कॅरम खेळतो. सुधाकर माझा जोडीदार. मूळचा मालवणकडचा, समोरच्याच ब्लॉकमध्ये राहणारा, तोंडाने फटकळ आणि मनाने अगदी साधा. त्या रविवारी तो राणीवर नेम धरून बसला होता. तेवढ्यात बाजूला ठेवलेल्या त्याच्या फोनमधून एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "लघवीला जाण्याची वेळ झाली आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुधाकरचे कान लाल. त्याला असा काही त्रास आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. लघवी पूर्ण होत नाही, आणि लागल्याचं कळतही नाही — म्हणून डॉक्टरांनी त्याला ते ॲप दिलं होतं. ते सांगेल तेव्हा जायचं, किती झाली ते मोजून भरायचं. आकडे दवाखान्यात पोचतात, कमी झाले की तिथून फोन येतो. मला हे सगळं कसं माहीत? सांगतो. थांबा जरा.

मी ओरडलो, "चला रे, सुध्याच्या नळाला पाणी आलं!"

काय हसले सगळे! सुधाकरही हसला, थोडा उशिरा. मग ते त्याला चिकटलंच. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, गेटवर — "काय सुधाकर, नळ आला का?" माझ्या विनोदाचं कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. थट्टा कोण करत नाही?

पण थोड्या दिवसांनी सुधाकर माझ्याकडे आला. बायको बाजारात गेली होती. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, "मेल्या, तूच सांग. काढून टाकू काय तां ॲप? माका लाज वाटता."

माझ्यावर विश्वास म्हणून विचारलं त्याने. ठेव, एवढंच म्हणायचं होतं. निदान आवाज बंद कर म्हणायचं — सेटिंगमध्ये दुसऱ्याच ओळीत आहे ते. तेवढंही पुरलं असतं.

मला ती दुसरी ओळ कशी माहीत? तेच ॲप माझ्या खिशात होतं म्हणून. आवाज बंद करून.

मुलुंडमध्ये कुणी बघू नये म्हणून मी घाटकोपरच्या डॉक्टरकडे जायचो. घरी सांगितलं होतं, बीपीचं ॲप आहे. त्या रविवारी सुधाकरचा फोन बोलला आणि पाठोपाठ माझा मांडीवर थरथरला. वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघणार. म्हणून मी आधी ओरडलो. आणि आता त्याला ठेव म्हणालो, तर तो विचारणार — तुला रे काय ठाऊक?

म्हणून म्हणालो, "काढ रे. आपली माहिती विकायचे धंदे हे सगळे. आपले बाप काय मोबाईल बघून जायचे?"

त्याने माझ्यासमोरच ते काढलं. बरं वाटलं त्याला. दुर्लक्ष केलं तर किडन्या जातात, हे मला माझ्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. मला ठाऊक होतं. तरी मी त्याला चहा पाजला आणि क्रिकेटवर बोलत बसलो.

त्याच्या पायांना सूज आली तोवर उशीर झाला होता. हॉस्पिटलात वहिनी मला म्हणाल्या, "ॲप होतं तोवर दवाखान्यातून फोन तरी यायचा. लोक हसतात म्हणून काढून टाकलं हो ह्यांनी." कोण लोक, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांना माहीत असेल का? मी अजून त्यांच्या डोळ्यांत बघत नाही.

आता मीच त्याला रिक्षाने डायलिसिसला नेतो. मित्र असावा तर असा, असं सोसायटीत म्हणतात. तो मशीनला जोडलेला असतो, मी शेजारी स्टुलावर, एक हात खिशावर. परवा म्हणाला, "तू नशीबवान रे. तुका काय त्रास नाय." मी मान डोलावली.

तेवढ्यात फोन थरथरला.

"घे मेल्या, कामाचो असात."

"जाहिरातवाले असतात," मी म्हणालो. "चहा पिऊन येतो."

त्याला आता पाणीसुद्धा मोजून मिळतं. मी बाथरूममध्ये गेलो, दाराला कडी लावली, वेळेवर मोकळा झालो आणि आकडा भरला. माझे आकडे चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणतात.