बेरिल हार्बॉटलचा लांब पलंग

बेरिल हार्बॉटलने त्या दिवशी क्लाइव्ह रडिकला चहा विचारला नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्समध्ये कुणाच्या स्वयंपाकघरात चहाविना उभं राहावं लागणं म्हणजे थोबाडीत खाल्ल्यासारखंच. क्लाइव्ह इथलाच, त्याला ते कळत होतं. तरीही तो ओट्याला टेकून गोड हसत होता, कारण त्याला बेरिलची माडीवरची मागची खोली हवी होती.

“शनिवारपर्यंत रिकामी झाली तर बरं पडेल,” तो म्हणाला. “नवा पोरगा येतोय. जॅरेट सिल्स. ओडेलपेक्षाही उंच आहे.”

“आणि ओडेलचा गुडघा?”

“ते जरा... समितीत विषय निघाला होता गं. पण आता तो क्लबचा खेळाडू राहिला नाही ना. त्याने स्वतःच सही केलीय.”

बेरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही केलीय म्हणे! ती सही कुणी करायला लावली, कुणाला मध्ये घालून करायला लावली, हे सगळं जणू हा माणूस गिळून बसला होता. वर मागच्या खोलीत ओडेल कुबड्या भिंतीला टेकवून पडलेला होता आणि या घराच्या भिंती अशा, की वरच्याला खालच्या किटलीची उकळी ऐकू यावी.

क्लाइव्ह म्हणजे ‘शील्ड्स सीगल्स’ या बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक. ब्रिटनच्या व्यावसायिक लीगमधला संघ म्हटलं की लांबच्यांना वाटतं, काय थाट असेल. थाट कसला! नगरपालिकेचा क्रीडा हॉल. आठवडाभर तिथे पेन्शनर मंडळी बॅडमिंटन खेळायची, म्हणून जमिनीवर पाच रंगांच्या रेघा, आणि छत गळलं की कोपऱ्यात बादली. अमेरिकेहून आणलेले दोघे-तिघे उंच पोरगे गावातल्या बायकांच्या घरी राहायचे. त्या बदल्यात त्या बायकांना पहिल्या रांगेतली खुर्ची आणि हंगामाच्या शेवटी फुलांचा गुच्छ मिळायचा. बेरिल शाळेच्या खानावळीत वाढपीण होती. तिला त्या खुर्चीचा अभिमान होता, उगाच नाही म्हणायचं कशाला.

तिच्या घरात खेळाडू ठेवायचं मुख्य कारण मात्र पलंग होता. तिचा नवरा नॉर्मन जहाजाच्या गोदीत सुतार. गोदी बंद पडली त्याच वर्षी त्यांच्याकडे पहिला अमेरिकन आला आणि त्याचे पाय पलंगाबाहेर पोटऱ्यांपर्यंत लोंबायला लागले. नॉर्मनने दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पलंग कापून मध्ये फळ्या जोडल्या. दाराच्या चौकटीला वरून स्पंज आणि रेक्झिन ठोकलं, म्हणजे कपाळमोक्ष व्हायला नको. पुढे नॉर्मन गेला, पलंग राहिला. दर हंगामात नवा पोरगा त्यावर झोपायचा आणि जाताना रडायचा, आणि बेरिलही मग आठवडाभर चादर बदलायची नाही.

ओडेल पेटवे अलाबामाचा. अंगाने आडदांड, बोलणं मात्र देवळातल्यासारखं हळू. तिला ‘मिस बेरिल’ म्हणायचा. पहिल्या दिवशी तिने हॅम आणि वाटाण्याचा लगदा भरलेली स्टॉटी, म्हणजे इथला जाडजूड चपटा पाव, त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा त्याने ती दोन्ही बाजूंनी न्याहाळली.

“मिस बेरिल, हे खायचं की याने दार अडवायचं?”

“आधी खा. उरली तर अडव.”

उरली नाही. डिसेंबरपर्यंत तो लीगमध्ये सर्वांत जास्त रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेले चेंडू, घेणाऱ्यांत होता आणि गावातली पोरं रस्त्यात त्याच्यामागे फिरत होती. ख्रिसमसच्या सुमारास त्याचा उजवा गुडघा सुजायला लागला. जिना उतरताना तो कठड्याला धरायचा. बेरिलने स्वतः हॉलवर जाऊन सांगितलं, “याला विश्रांती द्या, गुडघा नारळाएवढा झालाय.” प्रशिक्षक म्हणाला, “पट्टी घट्ट बांधू.” क्लाइव्ह म्हणाला, “काळजी करू नकोस, बेरिल, आमचं लक्ष आहे.” लक्ष होतं खरं. गुणतक्त्यावर होतं.

जानेवारीत डर्बीच्या संघाविरुद्ध तो उडी मारून खाली आला आणि बसला तो बसलाच. पहिल्या रांगेतून बेरिलला गुडघ्याचा आवाज ऐकू आला. पुढे कित्येक दिवस तिने भाजीची काडी हाताने मोडली नाही, सुरीनेच कापली.

गुडघ्याच्या आतला लिगामेंटचा दोर तुटला होता. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी मोठी रांग. खासगीत लगेच होत होती, आणि करार चालू असेपर्यंत तिचा खर्च क्लबच्या गळ्यात होता. पण क्लबला घाई दुसरीच होती. लीगमध्ये परदेशी खेळाडू ठरावीकच घेता येतात. ओडेलचं नाव नोंदणीवर असेपर्यंत नवा आणता येईना. ते नाव काढायला करार संपल्याची त्याची सही हवी, आणि तीसुद्धा फेब्रुवारीतली नोंदणीची मुदत टळायच्या आत. ओडेल सही करेना. तेव्हा क्लाइव्ह गुच्छ घेऊन बेरिलकडे आला. हंगाम संपायच्या आधीच गुच्छ! तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

“तो तुझं ऐकतो,” क्लाइव्ह म्हणाला होता. त्या दिवशी तो दोन कप चहा प्यायला होता. “नुसता कागद आहे गं. गुडघ्याचं आपण बघतोच आहोत. लीड्सच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. माझा शब्द आहे. आपल्या क्लबने आजवर कुणाला वाऱ्यावर सोडलंय का?”

बेरिलला ते पटलं. तिने त्या क्लबसाठी चेंडू टोपलीत टाकला नसेल, पण बाकी सगळं केलं होतं. लॉटरीची तिकिटं विकली, जर्सी धुतल्या, नॉर्मनच्या शवपेटीवर सीगल्सचा गळपट्टा टाकला. आपली माणसं म्हणजे आपली माणसं, एवढंच तिला ठाऊक. ओडेल स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून.

“मिस बेरिल, करू का सही? तुम्ही म्हणाल तसं.”

“कर,” ती म्हणाली. “क्लाइव्हला मी लहानपणापासून ओळखते.”

आणि आता तोच क्लाइव्ह तिच्या ओट्याला टेकून खोली मागत होता. लीड्सच्या डॉक्टरांचं नाव काढलं, की समिती, समिती म्हणत होता.

“तू मला शब्द दिला होतास,” बेरिल म्हणाली.

“अगं, मी म्हणालो होतो, बघू. बघितलं. नाही जमलं. त्याला रविवारच्या विमानाचं तिकीट काढून दिलंय की, आणखी काय करायचं? धंदा आहे हा, बेरिल.”

“माझ्या घरात धंदा नको. निघ.”

“आणि सिल्स झोपेल कुठे? एवढा लांब पलंग गावात दुसरा नाही.”

“तुझ्या जिभेवर झोपव. ती पुरेल.”

तो गेल्यावर ती जिन्याखाली उभी राहिली. मग वरून ओडेलचा आवाज आला, “मिस बेरिल, राहू द्या. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं.” तिला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसवल्या असत्या. हे समजूतदार बोलणं तिला सहन होईना.

रविवारी तो गेला. कुबड्या सरकारी इस्पितळाच्या, परत करायच्या, म्हणून विमानतळाच्या दारात चाकाच्या खुर्चीत बसल्यावर त्याने त्या तिच्या हातात दिल्या. त्याच्या गावी त्याचा आरोग्य विमा नव्हता, म्हणजे शस्त्रक्रिया नाहीच. मार्चमध्ये फोन आला तेव्हा तो म्हणाला, “बरं चाललंय, मेव्हण्याच्या गॅरेजात बसून काम करतो.” खेळाबद्दल तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कुबड्या परत करायला बेरिल तीनदा निघाली आणि तीनदा दारातून मागे फिरली.

सीगल्समध्ये एक रीत होती. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी प्रत्येक परदेशी खेळाडूचा हात धरून त्याची घरमालकीण त्याला मधोमध नेते, आणि निवेदक माइक तिच्या हातात देतो. तिने एक वाक्य बोलायचं. ‘गुणी पोरगा आहे, भांडी घासतो’, असं काहीतरी. लोक हसतात, टाळ्या पडतात, गुच्छ मिळतो. सिल्स क्लाइव्हच्याच घरी जमिनीवर दोन गाद्या टाकून झोपत होता, पण बेरिलशिवाय ही रीत झाली असती तर अर्ध्या हॉलने कारण विचारलं असतं. म्हणून क्लाइव्हने तिला निरोप धाडला, सिल्सला तूच ने. एव्हाना निवळली असेल, असं त्याला वाटलं असावं. मूर्ख कुठला.

ती आली ती दोन्ही कुबड्या काखेत घेऊन. सिल्स चोवीस वर्षांचा, गोंधळलेला, अंगात ओडेलचीच चौदा नंबरची जर्सी. ती बेरिलने ओळखली. गळ्याजवळचा टाका तिनेच घातलेला होता. ती मधोमध उभी राहिली, माइक घेतला आणि एका वाक्यावर न थांबता सगळंच बोलली. गुडघा सुजला होता ते, पट्टी, सही, लीड्सचा डॉक्टर, शब्द. “या कुबड्या ज्याच्या, तो तुमच्यासाठी मोडला,” ती म्हणाली. “आणि क्लाइव्ह रडिकने त्याला केराच्या बादलीत टाकलं. मला विचारा, झाकण मीच उघडून दिलं.”

बेरिलला वाटलं, आता हे सगळे पेटतील. हीच माणसं ओडेलच्या नावाने छत डोक्यावर घेत होती.

“बेरिल, खाली बस गं!” मागून कुणीतरी ओरडलं. “हे नंतर!”

“आज जिंकलो तरच बाद फेरीत जाऊ! मॅच सुरू करा!”

मग शिट्ट्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतली जोन चार्लटन, जिच्या मांडीला मांडी लावून ती आठ हंगाम बसली होती, तिच्याकडे हातानेच ‘चल, ये’ अशी खूण करत होती, लग्नात हट्ट करणाऱ्या पोराला बोलवावं तशी. निवेदकाने माइक हळूच काढून घेतला आणि तिच्या हातात गुच्छ कोंबला. बेरिलला त्या सगळ्यांची इतकी चीड आली, की तिने गुच्छ जमिनीवर, बॅडमिंटनच्या रेघेवर ठेवला आणि कुबड्या घेऊन सरळ दाराबाहेर पडली. एक सिल्स तेवढा तिच्याकडे वळून बघत राहिला.

सीगल्स जिंकले. ते तिला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं, आणि तिने त्याच्यावरही दार आपटलं.

दुपारी मागचं दार वाजलं. सिल्स होता. डाव्या घोट्याला पट्टी, भिंतीला धरून उभा.

“काल उत्तरार्धात मुरगळला,” तो म्हणाला. “घोट्यात काहीतरी तुटलंय असं वाटतं. क्लाइव्ह म्हणतात, बाद फेरीसाठी आणखी एक नाव बदलता येतं, दुसऱ्याला आणायचंय, तू सही कर, पायाचं आम्ही बघू. मला इथे दुसरं कुणी माहीत नाही.”

“आत ये. डोकं सांभाळ.”

तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बेरिल ते बघत राहिली.

“काय करू, मॅम? तुम्ही म्हणाल तसं.”

“नाही!” ती एवढ्या जोरात ओरडली, की पोरगा दचकला. “माझ्या म्हणण्यावर नाही. क्लाइव्हच्या नाही, देवाच्या नाही. शस्त्रक्रिया होऊन तू आपल्या पायांवर चालायला लागेपर्यंत पेनला हात लावायचा नाही. मी सांगितलं तरी लावायचा नाही, समजलं?”

“पण तुम्ही तर माझ्या बाजूच्या आहात.”

“त्याच्याही बाजूची होते,” बेरिल म्हणाली. “तो याच खुर्चीत बसला होता, आणि त्याने माझं ऐकलं.”

मग तिने किटली ठेवली आणि वरच्या पलंगावर चादर घालायला गेली.